मामा अजून पुण्यात आहेत

आमच्या मामांची भूमजवळच्या ईट गावात खव्याची भट्टी होती. आसपासच्या वस्त्यांवरून सकाळी दूध यायचं आणि दुपार कलेपर्यंत मामा मोठ्या लोखंडी कढईपुढं उभे राहून लांब दांड्याच्या उलथन्यानं ते घोटत असायचे. दूध खाली लागू द्यायचं नाही, सगळं कसब त्यात. एकदा लागलं की जळका वास खव्यात उतरतो, मग तो खवा कुणी घेत नाही. मामांचं दूध लागलेलं मी लहानपणापासून कधी पाहिलं नव्हतं.

ज्या दिवशी ते लागलं त्या दिवशी मी तिथंच होते, पुण्याहून सुट्टीला आलेली. मामा कढईपुढं उभे होते आणि उभ्याउभ्या एका अंगाला गेले, कुणीतरी खांद्याला धरून सरकवल्यासारखे. तोल सावरायला त्यांनी हात टाकला, तो नेमका कढईच्या काठावर. मामी ओरडत धावली. मामांनी हात पाण्याच्या बादलीत घातला आणि आधी कढईकडं पाहिलं.

"लागलं," ते म्हणाले. दुधाबद्दल म्हणाले.

त्याआधी काही महिने गावात कुजबुज सुरू झाली होती. मामा चालताना पाय फाकवून टाकायचे, वळताना भेलकांडायचे, बोलताना शब्द एकमेकांत अडकायचे. गळ्यात लिंग घालून हा माणूस सकाळीच पिऊन येतो, असं लोक म्हणत. मामांनी दारूला आयुष्यात हात लावला नव्हता. मामीनं ते ऐकून घेतलं नाही आणि दुसरी गोष्ट सांगायला सुरुवात केली. माझे आजोबा, म्हणजे मामांचे वडील, चाळिशीतच मळ्यातल्या विहिरीत पडून गेले होते. त्या विहिरीत आसरा आहेत, पाण्यातल्या बाया, आणि त्यांनी आजोबांना ओढलं, हे घरात सगळ्यांनाच माहीत होतं.

"बापाला नेलं," मामी मला म्हणाली, "आता पोराला बोलवायल्यात. म्हणून पाय तिकडं वढतेत."

दर अमावास्येला ती विहिरीच्या काठावर दहीभात आणि हिरव्या बांगड्या ठेवून यायची. गावानं ही गोष्ट लवकर उचलली. पिणाऱ्या माणसाची टवाळी होते, आसरांनी धरलेल्या माणसाला लोक वाट देतात. भट्टीवर दूध घालायला येणारे मामांकडं जरा लांबूनच बघायला लागले.

मी त्या वेळी पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत काम करत होते. प्रयोगशाळेतल्या बाटल्या आणि नळ्या माझ्या वाट्याला कमी येत. माझं काम संगणकावरचं. आपल्या प्रत्येक पेशीत हजारो जनुकं असतात, पण ती सगळी सारख्या जोरानं चालत नाहीत. एक वाढलं की दुसरं दबतं, ते दबलं की तिसरं मोकाट सुटतं. कुणाचा कुणावर दाब आहे याचा नकाशा आम्ही काढायचो, निरोगी पेशींचा एक आणि आजारी पेशींचा एक. मग संगणकातच एकेक जनुक बंद करून बघायचं, की कोणतं बंद केल्यावर आजारी नकाशा निरोगी नकाशाकडं सरकतो. जे सरकवतं, तिथं औषधानं धरायचं. हे काम मी बरीच वर्षं परक्या माणसांच्या पेशींवर केलं होतं. त्या माणसांना नावं नसत, फक्त क्रमांक असत, आणि मला त्याचं काही वाटत नसे.

मामांचा हात बरा झाल्यावर मी त्यांना पुण्याला नेलं. मेंदूच्या डॉक्टरांनी त्यांना फरशीच्या एका रेघेवरून चालायला लावलं, डोळे मिटून उभं राहायला सांगितलं, बोट नाकाला लावायला सांगितलं. मामांचं बोट नाकाजवळ येऊन थरथरत गालावर गेलं. डॉक्टरांनी विचारलं, "वडील कशानं गेले?"

"विहिरीत पडून," मामा म्हणाले.

"त्याआधी चालायचे कसे?"

मामा फरशीवरच्या रेघेकडं बघत राहिले. पुढं रक्ताची तपासणी झाली आणि आजाराचं नाव कळलं. डोक्याच्या मागच्या बाजूला लहान मेंदू असतो, तोल सांभाळणारा. त्यातल्या पेशी हळूहळू मरत जातात. एका जनुकातली चूक बापाकडून किंवा आईकडून पोराकडं येते. येण्याची शक्यता निम्मी, न येण्याची निम्मी. औषध नाही.

परतीच्या एसटीत मामा खिडकीशी बसले होते. भूम जवळ आलं तेव्हा त्यांनी आपणहून बोलायला सुरुवात केली.

"मी बांधावर बसलो होतो त्या दिशी," ते म्हणाले. "अप्पा विहिरीच्या पायऱ्या उतरायले होते. पाण्यात कुणी न्हवतं. बाया न्हाय, सावली न्हाय, काय न्हाय. अप्पानं पाय खाली टाकला आणि त्यो पाय जमीन हुडकायला लागला. पायरी तिथंच होती. मला दिसायली होती. पायाला घावली न्हाय."

"तुम्ही कुणाला सांगितलं नाही?"

"सांगितलं की. लेकराचं कोण ऐकतंय? समद्यांनी आसराच म्हणलं. मग मीबी तसंच म्हणत आलो." त्यांनी भाजल्याचा वण असलेला हात उलटून पाहिला. "कढईपशी माझा पाय तसाच हुडकत होता, बाई. मला तवाच कळलं हे काय हाय."

घरी गेल्यावर मी मामीला समोर बसवून सगळं समजावलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आसरा विहिरीत ऱ्हाती. लई झालं तर विहीर बुजवता येती. तू म्हणतीस हे रक्तात हाय. रक्त कुठं बुजवू मी?"

माझी मामेबहीण दुधाचं कॅन घेऊन दारात उभी होती. तिनं किती ऐकलं ते तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. ती तशीच आत निघून गेली. मामीनं आवाज खाली आणला. "गावात ह्यातलं एक अक्षर बोलू नगंस. पोरीचं जमवायचंय. आसरा म्हणलं तर लोक भेतेत, पण सोयरीक मोडत न्हाईत. रक्ताचं म्हणलं की दारात कुणी येणार न्हाय."

मला ते मान्य करावं लागलं. अमावास्येचा दहीभात चालू राहिला. मामा स्वतः मामीबरोबर विहिरीपर्यंत जायचे, तिच्या खांद्याला धरून. काठावरच्या पायरीकडं ते बघत राहायचे, लहानपणी बांधावरून पाहिली होती तसे.

आईचीही तपासणी झाली. आई मामांची सख्खी बहीण, तिच्यात ते उतरलेलं नव्हतं, म्हणजे माझ्यातही नव्हतं. आई तुळजापूरला ओटी भरून आली. मला मात्र त्या दिवसापासून एक सवय लागली. जिना उतरताना मी कठडा धरायला लागले. कागदावर सगळं स्वच्छ लिहिलेलं असूनही शेवटच्या पायरीशी माझा पाय क्षणभर थांबतो, खाली काही आहे ना याची खात्री करून घेतो. अजूनही थांबतो.

आमच्या संस्थेत याच आजारावर काम सुरू व्हायचं होतं. त्यासाठी रुग्णांच्या त्वचेचा छोटा तुकडा लागायचा. त्वचेच्या पेशींना मागं नेऊन, अगदी कोवळ्या अवस्थेत नेऊन, तिथून मज्जापेशी बनवता येतात. म्हणजे माणसाच्या डोक्याला हात न लावता त्याच्या मेंदूतल्यासारख्या पेशी बशीत वाढवता येतात. मामांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच बाही वर केली. माझ्या वरिष्ठ बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "घरच्या माणसावर काम करायला जमेल तुला?" मी हो म्हणाले. खोटं नव्हतं ते. तेव्हा मला खरंच वाटत होतं की जमेल.

पुढं आई एकटी पडली म्हणून मी धाराशिवला तिच्याकडं राहायला आले. मोठे संगणक पुण्यात, मी घरातून त्यांच्यावर काम करायचे. त्यामुळं ईटला जाणं वाढलं. मामा आता भट्टीवर उभे राहत नव्हते. शेडच्या खांबाला टेकून खुर्चीत बसायचे आणि मामी घोटताना नुसत्या वासावरून सांगायचे, जाळ कमी कर, आता उलथव. जीभ जड झाली होती, पण मामीला कळायचं.

एका दुपारी मी त्यांना लॅपटॉपवर त्यांचा नकाशा दाखवला. पडद्यावर ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा, कोळिष्टकासारख्या.

"यात मी कुठला?" त्यांनी विचारलं.

"सगळंच तुम्ही."

"आणि अप्पा?"

मी एका ठिपक्यावर बोट ठेवलं. तेच ते बिघडलेलं जनुक, आजोबांकडून आलेलं. मामांनी त्याच्याकडं बराच वेळ पाहिलं, माणसाकडं बघावं तसं.

"त्याला बंद कर की मग."

"त्याला औषधानं हात घालणं सोपं नाही, मामा. म्हणून त्याच्यामुळं पुढं जे बिथरतात त्यातला कुणी सापडतो का ते बघायलोय आम्ही."

मी एक साधंसं जनुक बंद करून दाखवलं. रेघा हलल्या, काही ठिपक्यांचे रंग बदलले, नकाशा आणखी विस्कटला.

"हे मी मेलो का?"

"नाही. संगणकात फक्त करून बघितलं. परत लावते."

"करत ऱ्हा," मामा म्हणाले. "पण रोज किती बार मारतीस मला?"

ते हसत होते. एका बाजूनं ओठ वर जाई तसं त्यांचं हसणं झालं होतं. मी लॅपटॉप मिटला आणि मामीनं दिलेला ताजा खवा साखर घालून खाल्ला. त्या दिवसानंतर संगणकाला 'बंद कर' म्हणताना माझं बोट अडखळायचं. रोज शेकडो जनुकं बंद करून बघायची म्हणजे रोज तेच होतं.

मामा पुढच्या हिवाळ्यात गेले. या आजारात गिळणं बिघडतं, घास चुकीच्या वाटेनं जातो. छातीत संसर्ग झाला आणि धाराशिवच्या दवाखान्यात ते संपले. आमच्या लिंगायतांत दहन करत नाहीत. आपल्याच शेतात खड्डा काढून त्यांना मांडी घालून बसवलं, हातात लिंग दिलं, स्वामींनी विधी केला, आणि वरून माती लोटली. मामी कडेला उभी होती. परत येताना ती मला एवढंच म्हणाली, "बसलेत नीट. आता पडायची भीती न्हाय."

मामा गेल्यावर काही महिन्यांनी नकाशातून एक नाव वर आलं. मोठं काही नव्हतं. पेशीत कॅल्शियम किती सुटावं हे बघणारं एक जनुक, ज्याच्याकडं आमचं आधी लक्ष गेलं नव्हतं. ते पूर्ण बंद न करता थोडं दाबलं, तर आजारी नकाशा निरोगी नकाशाच्या जवळ येत होता. सगळ्या रुग्णांचा थोडाफार, मामांचा सगळ्यात जास्त. मी पुन्हापुन्हा तपासलं, कारण मामांचा जास्त आला म्हणून माझा विश्वास बसत नव्हता. मग बाईंनी दुसऱ्या एकाला, ज्याला कोणत्या पेशी कुणाच्या हे माहीत नव्हतं, सगळं नव्यानं करायला दिलं. तेच आलं. दुसऱ्या आजारासाठी तयार झालेलं एक रसायन त्या जनुकाच्या कामाला आवर घालत होतं. ते बशीतल्या पेशींवर टाकून बघायचं ठरलं.

निकालाबरोबर पुण्याहून एक छोटी चित्रफीत आली. कॅल्शियम सुटलं की पेशी क्षणभर उजळेल अशी सोय केलेली असते. एका चित्रात मामांच्या पेशी रसायनाशिवाय: वेड्यावाकड्या, सतत लुकलुकणाऱ्या, मग एकेक करून विझणाऱ्या. दुसऱ्यात रसायनासह: ठिपका उजळतो, थांबतो, शेजारचा उजळतो, थांबतो. मी ती घरी एकटीनं पाहिली आणि दुसऱ्या दिवशी ईटची गाडी धरली. कुणीतरी आपलं माणूस भेटलं हे सांगायला जावं तसं मी निघाले होते.

मामी आणि मामेबहीण दोघी भट्टीजवळ होत्या. दूध उतरवून झालं होतं. मी चित्रफीत लावली. मामेबहीण खाली वाकून बघत राहिली.

"अक्का, हे बाबा?"

"त्यांच्या पेशी."

"जित्त्या?"

"हो."

मामीनं हात पुसले आणि जवळ आली. तिनं ठिपके लुकलुकताना पाहिले. "हे कवाचं?"

"परवाचं."

"परवाचं कसं? त्यांना जाऊन किती दिस झाले?"

मी समजावायला लागले. मामीनं हात वर करून मला थांबवलं. "म्या त्यांना मातीत बसवलंय. माझ्या हातानं भस्म लावलंय. आणि तू म्हणतीस पुण्यात जित्ते हायेत." ती पडद्यापासून मागं सरकली. "त्यांना दुखतंय का तिथं?"

"नाही मामी. त्यांना काही कळत नाही."

"तुला काय ठावं?"

विज्ञानात त्याचं उत्तर आहे, आणि ते मला चांगलं माहीत आहे. पण त्या ठिपक्यांसमोर मला ते उच्चारता आलं नाही.

"बंद कर त्यांला," मामी म्हणाली. "माणूस अर्धा मातीत, अर्धा बशीत, असं नसतंय करायचं. शिवाकडं कसा जाईल त्यो?"

मामेबहीण पडद्यावरची नजर न काढता बोलली. "बंद करायचं न्हाय, आई. बाबांनी स्वतः दिलंय ते."

"तू मधी बोलू नगंस."

"मीच बोलणार." ती उभी राहायला गेली, तेव्हा तिनं हात लांब करून खांब धरला. लहानशी गोष्ट. मी पाहिली. मामीनंही पाहिली, आणि मामीच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. कितीतरी दिवस ती हे पाहत आली होती.

"चप्पल घालताना भिंत धरतीस," मामी तिला म्हणाली. "मला दिसत न्हाय व्हय?"

मामेबहीण माझ्याकडं वळून म्हणाली, "मी सोलापूरला तपासून घेतलंय, अक्का. दिवाळीच्या आधी. कुणाला सांगितलं न्हाय."

भट्टीत लाकडं तडतडत होती. रस्त्यावरून दुधाची एक गाडी गेली. मामेबहिणीचं लग्न मग जमलं नाही. ती म्हणते, मीच जमवू दिलं नाही. त्या दुपारी मामीनं कढईखालचा जाळ ओढून काढला, कढईत घासणीनं पाणी फिरवलं, आणि शेतात जाऊन मामांच्या जागेशी बसून आली. परत आल्यावर तिनं मला हाताला धरून भट्टीमागं नेलं.

"ठेव त्यांना," ती म्हणाली. "माझ्या पोरीचं औषध हुईपातूर ठेव. मग मोकळं कर. करशील ना?"

"करीन."

मी तेव्हा शब्द दिला. औषध कधी होईल हे मला माहीत नव्हतं, अजूनही नाही. बशीत जे चालतं ते उंदरात चालेलच असं नाही, आणि उंदरात चाललं तरी माणसापर्यंत जायला फार वर्षं जातात. हे मी मामीला सांगितलं. ती म्हणाली, "मी कुठं घाई करायले?"

मामेबहिणीनंही पुण्याला जाऊन त्वचा दिली. तिच्या पेशी आता मामांच्या शेजारच्या खणात वाढतात. तिचा नकाशा मामांच्यासारखाच आहे, काही ठिकाणी नाही. ते रसायन तिच्या पेशींवर चालतं, पण मामांच्याइतकं नाही. का, ते शोधणं हेच सध्या माझं काम. बापाच्या आणि लेकीच्या नकाशात एकसारख्या असलेल्या रेघा मी पुसून टाकते, म्हणजे फरक उरतो, आणि त्या उरलेल्या फरकाकडं बघत बसते. उंदरांवरचे प्रयोग पुण्यात सुरू झालेत. काही बरं आलंय, काही आलेलं नाही.

मामेबहीण आता भट्टीचा हिशेब आणि गिऱ्हाईक बघते, बसून. घोटायला गडी ठेवलाय. बोलताना एखादा शब्द अडकतो. गावात आसरांची गोष्ट आता तिच्या नावानं सुरू झालीय. ती ऐकते आणि दूध मोजते.

मामीचा फोन आठवड्याला येतो. पहिल्यांदा ती पावसापाण्याचं बोलते, माझ्या आईचं विचारते. मग आवाज बारीक होतो.

"कसे हायेत ते?"

"बरे आहेत, मामी."

सुरुवातीला मी तिला दुरुस्त करायचे. पेशी म्हणजे माणूस नव्हे, हे सांगायचे. आता नुसतं बरे आहेत म्हणते, आणि म्हणताना मला ते खोटं वाटत नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटते.

गेल्या आठवड्यात फोन आला तेव्हा मागं मामेबहिणीचा आवाज ऐकू येत होता. ती कुणाशी तरी खव्याच्या भावावरून बोलत होती, जरा जड जिभेनं, पण ठणठणीत. मामी तिच्या शेजारीच बसलेली असणार.

"बाप-लेक कसे हायेत तिथं?" मामीनं विचारलं.